नकाशात पाणी मुरत नाही

आजचे युग हे पडद्याचे युग आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, निकाल, सातबारा, रेल्वेचे तिकीट, सारे काही मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. हा पडदा कोणी आणि कसा तयार केला, याचा विचार आपण कलाशाखेचे विद्यार्थी सहसा करीत नाही. तो विषय संगणकवाल्यांचा, असे म्हणून मोकळे होतो. मला मात्र वाटते, की ज्याला रांगेत उभे राहावे लागते, त्याला खिडकीविषयी बोलण्याचा अधिकार आहे!

कोणतेही ॲप किंवा संकेतस्थळ उभारण्यापूर्वी त्याच्या पडद्यांचा एक नमुना करतात. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. त्यात बटणे असतात, रंग असतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते. परंतु बटणामागे बहुधा काहीच नसते. नाटकाच्या नेपथ्यातील दार उघडते, पण त्यापलीकडे घर नसते, तसाच हा प्रकार. या नमुन्याचे रोजच्या वापरातील प्रणालीत रूपांतर करणे, हे अगदी निराळे काम आहे. कौतुक होते ते नमुन्याचे, उपेक्षा होते ती या रूपांतराची. आणि त्याची किंमत मोजतो रांगेतला शेवटचा माणूस. हेच मला येथे सांगायचे आहे.

माझे वडील गवंडीकाम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पण घराचा नकाशा त्यांना वाचता येतो. ते नेहमी म्हणतात, "नकाशात पाणी मुरत नाही, भिंतीत मुरतं." नकाशा वाईट असतो असे नव्हे. पण पायातला मुरूम, विटांवर मारलेले पाणी, पागोळ्यांची वाट या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत, आणि घर टिकते ते त्यांच्याचमुळे.

संगणकाच्या क्षेत्रातही जाणत्यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आयबीएममध्ये मोठी प्रणाली उभारण्याचे काम केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यांचा ढोबळ हिशोब असा: एखाद्याने आपल्यापुरता केलेला प्रोग्रॅम इतर कोणालाही वापरता यावा इतका पक्का करायचा, तर तिप्पट श्रम पडतात. तो इतर प्रोग्रॅमांशी जुळवून घ्यायचा, तर पुन्हा तिप्पट. म्हणजे दोन्ही मिळून नऊपट! केवळ पडद्याचा नमुना तर त्या पहिल्या पायरीच्याही अलीकडे असतो.

या नऊपटीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे अमेरिकेने २०१३ साली पाहिले. आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी तेथील सरकारने 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ उभारले. नोंदणीचे पडदे कसे असावेत याचा एक नमुना आयडिओ या कंपनीने २०१२ मध्येच करून दाखवला होता. म्हणजे कल्पनांचा तुटवडा नव्हता. परंतु पडद्यामागे अर्जदाराचे उत्पन्न, नागरिकत्व, ओळख ही सारी माहिती वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडून पडताळून घ्यायची होती. काम अनेक कंत्राटदारांत विभागलेले. आणि सगळे एकत्र जोडून तपासण्याला शेवटचे जेमतेम दोन आठवडे मिळाले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी दार उघडले, लोंढा आला आणि यंत्रणा कोलमडली. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पुरी झाली, असे पुढे उघड झालेल्या टिपणांत दिसून आले. त्यानंतर दोन महिने जाणकार मंडळींनी रात्रंदिवस खपून ते संकेतस्थळ चालते केले. पहिल्या दिवशीचा फजितवाडा जगाला आठवतो. ते दोन महिने कोणाला आठवतात?

यावर कोणी म्हणेल, मग नमुने करूच नयेत काय? तसे मुळीच नाही. पाम पायलट हे खिशात मावणारे यंत्र १९९६ साली बाजारात आले. ते घडवणारे जेफ हॉकिन्स त्याआधी लाकडाचा एक ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि तेच यंत्र आहे असे समजून वापरून पाहत. आकार योग्य की नाही, हे त्यांना ठोकळ्यानेच सांगितले. चूक लाकडात झाली तर स्वस्तात सुटते. शिवाय लाकडाच्या ठोकळ्याकडे पाहून यंत्र तयार झाले असे कोणी म्हणत नाही! पडद्याच्या नमुन्याची गोष्ट वेगळी आहे. तो पुऱ्या झालेल्या वस्तूसारखाच दिसतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला कागदावरचे चित्र दाखवले, की काही मिनिटांत चालताबोलता पडदा हजर होतो. बैठकीत टाळ्या पडतात आणि साहेब विचारतात, "झालेच की सगळे! मग सोमवारपासून सुरू करायला काय हरकत आहे?" दिसते तसे नसते, ही म्हण या साहेबांना कोणी सांगावी?

नमुन्यातला अर्जदार नेहमी सुटसुटीत नावाचा असतो. त्याची सर्व कागदपत्रे जुळतात आणि त्याची रेंज कधी जात नाही. आमच्या वर्गातला अर्जदार तसा नाही. कोणाच्या आडनावाचे स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरे. कोणाच्या घरी एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. मग ओटीपी येतो तो तिकडे. माझ्या एका मैत्रिणीने एक अर्ज तीन वेळा भरला. दर वेळी शेवटच्या पानावर यंत्रणा बंद पडली, भरलेली माहिती पुसली गेली आणि सायबर कॅफेवाल्याचे पैसे तेवढे चढले. ते पान नमुन्यात दिसायला सुंदरच असणार! मधेच तार तुटली तर भरलेली माहिती जपून ठेवायची, हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

म्हणून मला वाटते, नमुना मंजूर करणाऱ्याने बटणागणिक एक प्रश्न विचारावा: येथे बिघडले तर काय होईल? यंत्रणेची पहिली परीक्षा मुख्यालयातल्या उत्तम संगणकावर घेऊ नये. ती तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर, जुन्या मोबाईलवर आणि वेड्यावाकड्या कागदपत्रांसह घ्यावी. आणि नवी खिडकी नीट उघडेपर्यंत जुनी कागदी खिडकी बंद करू नये.

मित्रहो, उद्या आपल्यापैकीच कोणी शिक्षक होईल, कोणी कारकून, कोणी अधिकारी. आपल्यासमोरही असा एखादा देखणा नमुना ठेवला जाईल आणि त्याखाली आपली सही मागितली जाईल. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: पहिला पाऊस झाला का?