किती? कुठे? कधीपर्यंत?

आमच्या मामांचं एक ठरलेलं वाक्य आहे. विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं, विरोधकांनी चहापानावर बहिष्कार टाकला, की ते म्हणतात, "झालं बघ अधिवेशन! आता उरलं ते भत्त्यापुरतं." सभागृहात प्रश्न विचारून कोणाचं काही भलं होतं, यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना खोडून काढावं असे दाखले माझ्याकडेही ढीगभर नाहीत.

पण एक आहे. आणि तो आपल्या बीड जिल्ह्याचाच आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन' या इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आली की बीडमधल्या कित्येक ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकलेली आहेत, आणि तीही ऐन तिशीत. बाहेरच्या लोकांना धक्का बसला. आपल्याकडे ज्यांचे नातेवाईक कोयत्यावर जातात त्यांना बसला नाही, कारण हे घरोघरी माहीत होतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघणार, पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. मोळ्या डोक्यावरून गाडीत टाकायच्या, राहायचं कोपीत, न्हाणी नाही, संडास नाही. त्यात पाळी, अंगावरून जाणं, पोटदुखी. दवाखान्यात गेलं की कोणीतरी सांगणार, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बाई हिशोब करणार आणि काढून टाकणार. हा हिशोब तिने एकटीने केलेला नसतो, ऊस, उचल, खाडा आणि दवाखाना या सगळ्यांनी मिळून तो तिच्याकडून करून घेतलेला असतो.

तर, माहीत सगळ्यांना होतं. पण सरकारदरबारी ते 'नव्हतं', कारण त्याचा आकडा नव्हता.

जून २०१९ च्या अधिवेशनात डॉ. नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत हा विषय मांडला. गंमत बघा, गोऱ्हे शिवसेनेच्या, उत्तर देणारे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदेही शिवसेनेचेच, आणि सरकार भाजप-शिवसेनेचं. म्हणजे आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न. शिंदे यांच्या उत्तरातून एक आकडा सभागृहाच्या कामकाजात कायमचा नोंदला गेला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया.

त्यानंतर गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली आणि जिल्ह्यात ऊसतोड महिलांची प्रत्यक्ष पाहणी झाली. ८२,३०९ महिलांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक. त्याच दशकात, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हीकडे वयोगट अगदी सारखे नसतील, मान्य. पण फरक वयोगटाने झाकला जाईल एवढा लहान नाही.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, ४,६०५ आणि १३,८६१. यातला कुठलाच खोटा नाही. पहिला प्रश्न होता, जिल्ह्यातल्या रुग्णालयांत तीन वर्षांत शस्त्रक्रिया किती झाल्या? दुसरा होता, बाई, तुझं गर्भाशय आहे का? पहिल्यात रुग्णालयाची वही बोलली, दुसऱ्यात बाई बोलली. वहीत तीनच वर्षं होती, आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन केलेल्या शस्त्रक्रिया तिच्यात येणारच नव्हत्या. मला वाटतं सगळं मर्म इथे आहे. सरकार फक्त विचारलेल्याचं उत्तर देतं. त्यामुळे काय विचारायचं आणि कोणाला विचारायचं हे ठरवणं हेच लोकप्रतिनिधीचं निम्मं काम.

काही झालं का यातून? झालं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असं बंधन जिल्ह्यात आलं. ऊसतोडीला जाण्याआधी आणि परत आल्यावर महिलांची तपासणी होऊ लागली. प्रश्न मिटला का? नाही. जून २०२५ मध्ये अशाच तपासणीतला आकडा बातम्यांत आला, ८४३ महिलांची गर्भाशयं काढलेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त ३० ते ३५ वयाच्या. खाडा आणि कोपी तिथेच आहेत ना! पण निदान आता "आमच्याकडे असं काही नाही" हे म्हणता येत नाही. एका प्रश्नाने एवढं झालं, आणि मामा, हे भत्त्यापुरतं नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळंच. याच घरांतली आणखी एक माणसं आहेत ज्यांच्याबद्दल असा प्रश्न विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही. ती म्हणजे ऊसतोड कुटुंबांतली अपंग माणसं. ('दिव्यांग' म्हणायचं आता. शब्द बदलला हे बरंच झालं असेल, पण आमच्याकडे पायरी आहे तेवढीच उंच आहे.)

टोळी निघाली की गावात उरतात म्हातारी, शाळेतली काही पोरं आणि ज्याला चालता-वाकता येत नाही असा एखादा भाऊ, दीर, मुलगी. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठेही जानेवारीत जाऊन बघा. आता संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. योजना १९८० ची, चांगली. महिन्याचे ६०० रुपये होते ते १,००० झाले, २०२३ मध्ये १,५००, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी २,५०० चा निर्णय घेतला. या वाढीआधी, जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते, शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांचं मानधनही त्यांच्या मागण्यांत होतं. वीस वर्षं अचलपूरचे आमदार असलेल्या माणसाला २०२४ ला हरल्यावर उपाशी बसून मागावं लागतं, आणि सभागृहात बसलेले बाकीचे? असो.

मला सांगायचंय ते रकमेबद्दल नाही. या योजनेच्या नियमांत हयातीच्या दाखल्यासाठी वर्षातून एकदा हजर राहायचा काळ ठेवलेला आहे, १ जानेवारी ते ३१ मार्च. म्हणजे नेमका तो काळ जेव्हा या माणसाला उचलून, गाडीवर बसवून तालुक्याला नेणारा भाऊ साखर कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडत असतो! नियम करणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे बीड नव्हतंच. आता कागद जाऊन आधार, अ‍ॅप वगैरे येतंय, पण मोबाइलही घरातल्या धडधाकट माणसाच्या खिशात असतो, आणि तो माणूस सांगलीत असतो.

बरं, तालुक्याला पोचला तरी पुढे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात म्हटलंय की सगळ्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूडी यांच्या खटल्यात सांगितलं की हे निकष नुसते शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. आपल्या तालुक्याच्या कचेऱ्या आठवा आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजा.

आकड्यांचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. तेव्हा फॉर्ममध्ये प्रकार होते आठ, २०१६ च्या कायद्यात आहेत एकवीस. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात! कोपीतली माणसं कोपीत मोजली जातील, घरी उरलेली घरी. एकाच कुटुंबाचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या रकान्यांत. त्यातल्या अपंग माणसाला सांभाळणारं कोणी जवळ होतं की नाही, हे कुठल्याच रकान्यात दिसणार नाही.

बीड जिल्ह्याला विधानसभेच्या सहा जागा आहेत. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. पक्ष कुठलाही असो, या सहापैकी एकाने जरी पुढच्या अधिवेशनात एवढेच प्रश्न टाकले तरी पुष्कळ. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत दिव्यांग व्यक्ती किती, आणि त्या हंगामात कुठे असतात? गेल्या तीन वर्षांत हयातीचा दाखला वेळेत न आल्यामुळे जिल्ह्यात किती जणांचं अनुदान बंद झालं, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी अधिकारी स्वतः जाऊन आले? जिल्ह्यातल्या किती सरकारी इमारतींत चाकाच्या खुर्चीवरून शेवटच्या टेबलापर्यंत जाता येतं, आणि बाकीच्या कधीपर्यंत होणार?

"दिव्यांगांसाठी शासन काय करत आहे?" असं मात्र विचारू नये. त्याला दोन पानी उत्तर येतं आणि त्यात सगळं काही असतं. 'किती, कुठे, कधीपर्यंत' असं विचारलं की उत्तर लहान येतं आणि देणाऱ्याला आधी मोजावं लागतं. आणि मोजायला माणूस पाठवायचा तर कोणीतरी त्या घरापर्यंत चालत जाणार, दार वाजवणार, आतल्या माणसाशी बोलणार. २०१९ मध्ये ८२ हजार बायकांशी तसं कोणीतरी बोललं होतं.

गावाकडची मंडळी हे वाचत असतीलच. तुमच्या आमदारांचं गावात येणं-जाणं असतं, लग्नाला तर हमखास. पुढच्या भेटीत हार-नारळाबरोबर हे तीन प्रश्न एका कागदावर लिहून हातात द्या. दिलेत तर मला कळवा. मामांनाही मी एक कागद देणार आहे, त्यांची केजच्या कार्यालयात ओळख आहे म्हणे.