नस्य आणि नॅनोकण : दाराची राखण कोणी करावयाची?

काही महिन्यांपूर्वी एका विक्री-प्रतिनिधीने आमच्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवले. एका नस्यतैलाच्या नावाआधी ‘नॅनो’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता आणि त्याखाली ‘थेट मेंदूपर्यंत’ असा दावा होता. कणांचा आकार किती, तो कोणत्या उपकरणाने मोजला, आणि तैल मेंदूपर्यंत पोहोचल्याचे कोणी व कसे तपासले, असे तीन प्रश्न आम्ही विचारले. उत्तरादाखल आम्हांस दुसरे माहितीपत्रक मिळाले. हा प्रसंग किरकोळ खरा. पण आपल्या व्यवसायापुढे उभ्या राहिलेल्या एका मोठ्या प्रश्नाचे मूळ त्यात असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ विषय समजून घेऊ. रक्तातील बहुतेक द्रव्यांना मेंदूत शिरू न देणारी एक नैसर्गिक तटबंदी शरीरात असते. तिच्यामुळे मेंदूचे रक्षण होते; पण अपस्मार, कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या व्याधींत औषधही बाहेरच अडते. नाकाच्या छताशी मात्र गंधज्ञानाचे तंतू चाळणीसारख्या अस्थीतून थेट मेंदूकडे जातात. या वाटेने औषध नेता येईल काय, हा संशोधकांचा प्रश्न आहे. औषध वाटेत नष्ट होऊ नये, श्लेष्मल त्वचेला चिकटून राहावे आणि आत झिरपावे, म्हणून ते स्निग्ध द्रव्याच्या, कायटोसानच्या किंवा शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपल्या देशातही हे काम जुने आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली क्लोनाझेपाम या औषधाचे सूक्ष्म पायस उंदीर व सशांच्या नाकातून देऊन केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हळदीतील कर्क्युमिनवरही असे प्रयोग झाले आहेत.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. उंदराच्या नाकाचा निम्म्याच्या आसपास अंतर्भाग गंधग्राही असतो; माणसात तो शेकडा दहाहूनही कमी. नाकातील श्लेष्मा सुमारे पंधरा-वीस मिनिटांत आत आलेले द्रव्य घशाकडे ढकलून देतो. म्हणून उंदराच्या मेंदूत दिसलेले औषध माणसाच्या मेंदूत दिसेलच असे नाही. नाकातून इन्सुलिन देऊन स्मृतिभ्रंशात लाभ होईल, अशी आशा सुरुवातीच्या लहान प्रयोगांनी निर्माण केली होती. त्यानंतर अमेरिकेत वर्षभर चाललेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले, तेव्हा लाभ आढळला नाही. फवारणीचे उपकरणही मध्येच बदलावे लागले होते. नैराश्यासाठी एस्केटामिन आणि अपस्माराच्या झटक्यांसाठी मिडाझोलाम यांच्या नाकावाटे द्यावयाच्या फवाऱ्यांना २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली हे खरे. पण ही औषधे मुख्यतः नाकातून रक्तात व रक्तातून मेंदूत जातात, आणि त्यांत नॅनोकण नाहीत.

अशा वेळी आपल्या काही वैद्यमित्रांची प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘यात नवे ते काय? नाक हे शिराचे द्वार आहे, हे आपल्या आचार्यांनी केव्हाच सांगितले.’ आचार्यांनी ते सांगितले आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु द्वार ओळखणे निराळे, आणि त्या द्वारातून अमुक द्रव्य अमुक प्रमाणात मेंदूत जाते हे दाखवणे निराळे. पहिल्याच्या बळावर दुसऱ्याचे श्रेय घेणे हे शास्त्रप्रेम नव्हे, आळस आहे. आणि या आळसात आपण आचार्यांच्या उपदेशाचा अधिक मोलाचा भाग विसरतो. त्यांनी दार दाखवले, त्याहून अधिक विस्ताराने त्या दाराची राखण सांगितली. सात वर्षांखालील व ऐंशी वर्षांवरील व्यक्तीस नस्य देऊ नये; भोजन वा जलपान होताच, अजीर्णात, नव्या पडशात, गर्भिणीस देऊ नये; आधी शिराचे स्नेहन-स्वेदन करावे; घशात उतरलेले गिळू न देता थुंकवावे. अणुतैल तर दहा वेळा पाक करून सिद्ध करावयाचे आणि ठरावीक ऋतूंत योजावयाचे. इतकी सावधगिरी ज्यांनी सांगितली, त्यांना हे दार उघडे टाकण्याचा धोका ठाऊक असला पाहिजे.

तो धोका आधुनिक इतिहासानेही दाखवून दिला आहे. १९३७ साली कॅनडातील टोरांटो शहरात पोलिओची साथ रोखण्यासाठी मुलांच्या नाकात जस्ताच्या क्षाराचा फवारा मारण्यात आला. साथ थांबली नाही. काही मुलांचे गंधज्ञान मात्र गेले. २००९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांना पडशावरील जस्तयुक्त नाकातील उत्पादनांविषयी गंधनाशाच्या तक्रारींमुळेच इशारा द्यावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात दिलेली नाकावाटेची फ्लूची लस अर्दिताशी संबंध आढळल्याने मागे घेण्यात आली. २०११ साली लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नेतीपात्रातून नाकात घेतलेल्या दोघांचा मेंदूतील अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. नाकात वारंवार घातलेले तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, याची नोंद तर १९२५ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. आणि २०१६ साली मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील मृतांच्या मेंदूंत लोहयुक्त नॅनोकण सापडले, तेव्हा ते प्रदूषित हवेतून, बहुधा नाकाच्याच वाटेने गेले असावेत, असे संशोधकांनी मांडले. दार औषधाला उघडे असेल, तर ते विषालाही उघडे आहे.

म्हणून ‘आपल्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्यापूर्वी आपण आपल्या नस्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. साधी मात्रा घ्या. तर्जनीची दोन पेरे द्रवात बुडवून वर काढल्यावर गळतो तो बिंदू, अशी ग्रंथांची व्याख्या. मर्श नस्यास असे दहा, आठ किंवा सहा बिंदू, प्रतिमर्शास दोन. बाजारातील प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडातून पडणारा थेंब या बिंदूएवढा असतो काय? एका कंपनीचा थेंब दुसऱ्या कंपनीच्या थेंबाएवढा तरी असतो काय? आपण चिठ्ठीवर ‘दोन थेंब’ लिहितो आणि निर्धास्त होतो. ज्यांची मात्राच निश्चित नाही, त्यांनी नॅनोमीटरच्या गोष्टी करणे शोभत नाही.

औषधिनिर्माते व औषधालयांचे मालक यांना आमची विनंती अशी : नस्यतैल हे अंगाला लावावयाच्या तैलासारखे बाटलीत भरू नये. त्यातील जड धातू, सूक्ष्मजंतू आणि तेलाचा खवटपणा प्रत्येक घाणीत तपासावा. बाटली लहान असावी, म्हणजे ती एकाच रुग्णाने वापरावी व उघडल्यावर लवकर संपवावी; थेंबाचे मान वेष्टनावर छापावे. कणांचा आकार मोजल्याचा अहवाल हाती असल्यावाचून ‘नॅनो’ शब्द छापू नये. आणि एखाद्याने खरोखरच अणुतैलाचे नॅनो-पायस केले, तर ते ग्रंथोक्त पाठाचे औषध उरत नाही, हे ध्यानी ठेवावे. त्यात पायसकारक द्रव्ये येतात, शोषण बदलते. त्याची निर्धोकता नव्याने सिद्ध करावी लागेल. ग्रंथाचा आधार त्या बाटलीस लागू होणार नाही. शिवाय अपस्मार, पक्षाघात अशा व्याधींवरील उपायांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही विस्मरण नको.

वैद्यबंधूंना विनंती याहून सोपी, पण अधिक चिकाटीची आहे. नस्य दिलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा : तैल कोणते, कोणत्या घाणीचे, किती थेंब, किती दिवस, लाभ काय झाला आणि त्रास काय झाला. त्रासाचा रकाना रिकामा सोडू नका. शिरःशूळ, अर्धावभेदक, अनिद्रा, पीनस यांत नस्याने उतार पडतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. पण वहीत न उतरलेला अनुभव वैद्याबरोबरच संपतो. प्रयोगशाळेतील संशोधकांकडे यंत्रे आहेत, आपल्याकडे रुग्ण आहेत. ते आपल्या दारी येतील तेव्हा ‘आमचे प्राचीन होते’ एवढेच सांगावयाचे, की दहा वर्षांच्या नोंदींची वही पुढे ठेवावयाची, हे आपण आजच ठरविले पाहिजे.

ते माहितीपत्रक आम्ही परत केले. तैल वाईट होते असे आमचे म्हणणे नाही. ते कदाचित उत्तमही असेल. पण तीन साध्या प्रश्नांची उत्तरे नसलेली बाटली आम्ही रुग्णाच्या नाकाशी नेणार नाही. आपणही नेऊ नये, एवढेच सांगणे.