अतिथीचा धर्म आणि नैनितालचे सरोवर

वार्षिक परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्टी लागली की मराठी मध्यमवर्गीय घरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. हिमालयाकडे जाणाऱ्यांच्या यादीत कुमाऊँचे नाव हमखास असते. काठगोदामपर्यंत रेल्वे, तेथून सुमारे ३५ किलोमीटरचा घाट, नैनितालला दोन रात्री, पुढे कौसानी आणि परतीच्या वाटेवर कॉर्बेटचे अरण्य, असा या सहलीचा क्रम जणू ठरूनच गेला आहे. नावेतून एक फेरी, मॉल रोडवर रंगीत मेणबत्त्यांची खरेदी, तलावाच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यांना दिलेली बातमी, ‘‘यंदा आम्ही नैनिताल केले!’’

हा शब्दप्रयोग विचार करण्याजोगा आहे. मराठी भाषेत वारी ‘घडते’, देवाचे दर्शन ‘घडते’, संतांचा सहवास ‘घडतो’. त्या ‘घडण्या’त नम्रता आहे, जे लाभले ते आपल्या हातचे नव्हते, याची जाणीव आहे. थंड हवेचे ठिकाण मात्र ‘केले’ जाते, एखादे काम उरकावे तसे. उरकलेल्या कामाकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. पाहुण्यांची गाडी घाट उतरून गेल्यावर त्या गावात राहणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच बहुतेकांच्या मनाला शिवत नाही.

नैनिताल हे तसे लहानसे नगर. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ४१,३७७ होती. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच ही वस्ती. समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरहून अधिक उंचीवर, तिन्ही बाजूंनी उभ्या डोंगरांच्या कवेत, सुमारे ४८ हेक्टरांचे एक सरोवर आहे आणि त्याच्या दोन टोकांना मल्लीताल व तल्लीताल या दोन वस्त्या आहेत. सरोवराची कमाल खोली सुमारे २७ मीटर. येणाऱ्याला हे सरोवर निसर्गाने मांडलेला देखावा वाटते. तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ती पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. नगराला होणारा पाणीपुरवठा मुख्यत्वे याच सरोवरावर आणि त्याच्या काठच्या विहिरींवर अवलंबून आहे. पाहुण्याच्या खोलीतील नळ आणि नावाड्याच्या घरातील हंडा यांचा उगम एकच, हे एकदा लक्षात आले की पुढील सारा विषय स्पष्ट होतो.

तीर्थ ते सहलीचे ठिकाण

कुमाऊँच्या परंपरेत हे स्थान फार जुने आहे. स्कंदपुराणाच्या मानसखंडाशी जोडलेल्या आख्यायिकेनुसार अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींनी येथे खड्डा खणून मानसरोवराचे जल त्यात आणले; म्हणून हे ‘त्रिऋषी सरोवर’. सतीचे नेत्र येथे पडले, अशी श्रद्धा आहे आणि त्यावरूनच काठावरच्या नयनादेवीचे व सरोवराचे नाव आले. आसपासच्या गावांतील लोक येथे येत ते देवीच्या दर्शनाला आणि जत्रेला. काठावर कायमची वस्ती करण्याचा विचार त्यांनी केला नाही. कुमाऊँचा इंग्रज आयुक्त ट्रेल याने हे सरोवर पाहिले होते. परंतु स्थानिकांच्या भावना जाणून त्याने त्याचा गाजावाजा टाळला, असे सांगितले जाते.

१८४१ मध्ये शाहजहाँपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन येथे पोहोचला आणि चित्र पालटले. या जागेच्या वर्णनाने त्याने गोऱ्या समाजाचे लक्ष वेधले. जागेवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या स्थानिक थोकदाराला नावेत बसवून सरोवराच्या मध्यभागी नेण्यात आले आणि बुडविण्याचा धाक घालून त्याच्याकडून हक्क सोडल्याचे लिहून घेण्यात आले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. याच बॅरनने १८४४ मध्ये आपले हिमालय-भ्रमणाचे पुस्तक प्रसिद्ध केले ते ‘पिलग्रिम’, म्हणजे ‘यात्रेकरू’ या टोपणनावाने! या नगराच्या पहिल्या पर्यटकाने स्वतःला यात्रेकरू म्हणवून घ्यावे आणि वागावे मात्र मालकासारखे, यातच पुढील पावणेदोनशे वर्षांच्या कहाणीचे बीज आहे.

डोंगराने दिलेला धडा

पुढे नैनिताल ही संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. उतारांवर बंगले उभे राहिले, झाडे तुटली, रस्त्यांसाठी कडे खोदले गेले. १८६७ मध्ये एक दरड कोसळली. तिचा इशारा पुरेसा मनावर घेतला गेला नाही. १८ सप्टेंबर १८८० रोजी संततधार पावसानंतर शेर-का-डांडा या डोंगराची बाजू खाली आली आणि १५१ माणसे गाडली गेली. त्यांत १०८ भारतीय व ४३ युरोपीय होते. व्हिक्टोरिया हॉटेल जमीनदोस्त झाले, नयनादेवीचे जुने मंदिरही त्या मलब्यात गेले. आजचे मंदिर त्यानंतरचे आहे. ज्या ‘फ्लॅट्स’ मैदानावर आज मुले क्रिकेट खेळतात, त्याचा विस्तार त्याच मलब्याने झाला आहे.

त्यानंतर जे घडले त्याचे श्रेय त्या राज्यकर्त्यांना देणे न्यायाचे ठरेल. उतारावरील पाणी जमिनीत मुरून दरड सुटू नये यासाठी त्यांनी डोंगरभर दगडी नाल्यांचे जाळे बांधले, धोक्याच्या उतारांवर बांधकामाला बंदी घातली आणि देखभालीची शिस्त लावली. नैनिताल आजवर टिकले त्यात या नाल्यांचा वाटा मोठा आहे. स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले. पण नाल्यांची शिस्त मात्र आपली झाली नाही. त्यांच्यात प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा आणि सांडपाणी जाऊ लागले. जे नाले डोंगर वाचविण्यासाठी बांधले होते, तेच सरोवरात घाण पोहोचविण्याचे मार्ग बनले. परक्याने लादलेली शिस्त तो गेल्यावर सैल होणार, हे समजण्यासारखे आहे. परंतु स्वतंत्र समाजाने तिच्या जागी स्वतःची शिस्त निर्माण करू नये, हे समर्थनीय नाही.

सरोवर काय सांगते?

सरोवराच्या वरच्या अंगाला सूखाताल नावाचे एक उथळ तळे आहे. पावसाळ्यात ते भरते आणि पुढे कोरडे पडते. नावातच ‘सूखा’ असल्याने अनेकांनी त्याला पडीक जमीन समजून तेथे भराव टाकला, घरे बांधली, गाड्या उभ्या केल्या. वास्तविक नैनी सरोवराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा जमिनीखालून येतो आणि त्यात सूखातालमध्ये मुरलेल्या पाण्याचा हिस्सा महत्त्वाचा आहे, असे जलशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले. वरचे तळे बुजविले की खालचे सरोवर उपाशी राहणार, इतके हे सरळ गणित आहे.

सरोवराच्या प्रकृतीच्या तक्रारी नव्या नाहीत. इतिहासकार प्रा. अजय रावत यांनी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि १९९५ मध्ये न्यायालयाने सरोवराच्या व परिसराच्या रक्षणासाठी निर्देश दिले. पाण्याच्या तळाशी प्राणवायू उरेना, मासे मरू लागले, तेव्हा २००७ पासून यंत्रांद्वारे सरोवरात हवा सोडावी लागली. रुग्णाला प्राणवायूची नळी लावावी, तसाच हा प्रकार. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी इतके खाली गेले की काठाचा गाळ उघडा पडून तेथे माणसे चालू लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक भाग खचून सरोवरात गेला. सरोवराचे पाणी जेथून बाहेर पडते त्या बलियानाल्याच्या उतारावरील दरडींमुळे अनेक कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. सूखातालमधील बांधकामांना २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

या साऱ्या घटनांत एक सूत्र आहे. दर वेळी समाज थांबला तो डोंगर कोसळल्यावर, पाणी आटल्यावर वा न्यायालयाने बजावल्यावर. स्वतःहून कोणीच थांबले नाही.

यजमान आणि पाहुणा

येथे सारा दोष पाहुण्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. नाल्यावर मजला चढविणारा अनेकदा स्थानिकच असतो. उतारावरील जागा विकणारा गावचा असतो आणि मैदानी शहरातून येऊन ती विकत घेणाऱ्याला वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी घर हवे असते. अशी घरे वर्षभर कुलूपबंद असतात, परंतु त्यांच्यासाठी तोडलेला डोंगर बाराही महिने सुटत राहतो. दुसऱ्या बाजूला नावाडी, घोडेवाले, ढाबेवाले, शाल-स्वेटर विकणाऱ्या बाया यांची चूल पाहुण्यांच्याच येण्यावर पेटते. ‘पर्यटक नकोत’ ही घोषणा त्यांच्या पोटावर पाय देणारी आहे. पाहुणे यावेत; प्रश्न आहे तो त्यांनी कसे, किती आणि केव्हा यावे, याचा.

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानण्याची शिकवण दिली. ती शिकवण गुरुगृहातून बाहेर पडणाऱ्या, गृहस्थ होऊ घातलेल्या शिष्याला होती, हे मात्र विसरले जाते. तो यजमानाचा धर्म झाला. अतिथीलाही एक धर्म असतो, तो परंपरेने यात्रेच्या नियमांतून सांभाळला. यात्रेकरू धर्मशाळेत मिळेल ती जागा घेत असे, समोर येईल ते अन्न प्रसाद म्हणून खात असे आणि नदीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागत असे. आजची तीर्थक्षेत्रे पाहता हा संस्कार तेथेही शिल्लक उरलेला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सरोवराला पवित्र म्हणायचे आणि त्यातच पाण्याची रिकामी बाटली फेकायची, या विसंगतीला श्रद्धा म्हणता येणार नाही. नुसत्या नामस्मरणाने पाणी स्वच्छ राहत नाही.

तरीही त्या परंपरेत आजच्या उपयोगाचे पुष्कळ आहे. नैनितालमध्ये भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास, आपल्याकडे घरोघर गौरी येतात त्याच दिवसांत, नंदा-सुनंदा या देवींचा महोत्सव होतो. त्यांच्या मूर्ती केळीच्या खांबांपासून घडविल्या जातात आणि उत्सवानंतर त्यांचे सरोवरात विसर्जन होते. जे पाण्यात सोडायचे ते पाण्याला पचेल असेच असावे, हे शहाणपण त्या पहाडी समाजाने पर्यावरण हा शब्द रूढ होण्यापूर्वीच आपल्या देवीच्या मूर्तीत साठवून ठेवले होते.

मर्यादेचे धाडस

श्रद्धेच्या जोडीला व्यवस्थाही हवी. तामिळनाडूतील कोडाईकॅनॉल हे असेच तलावाकाठचे गाव. तेथे आणि नीलगिरीत जाणाऱ्या वाहनांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास बंधनकारक झाला. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी कोडाईकॅनॉलला रोज ४,००० आणि शनिवार-रविवारी ६,००० वाहने अशी मर्यादाही घालण्यात आली. व्यापाऱ्यांनी विरोध केला, तो स्वाभाविक होता. परंतु गावाची क्षमता मोजावी लागते आणि ती ओलांडू न देण्याचे धाडस दाखवावे लागते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. नैनितालमध्ये गर्दीच्या दिवसांत वाहने बाहेर थांबवून प्रवाशांना दुसऱ्या गाड्यांनी आत नेले जाते. हा तात्पुरता उपाय वर्षभराच्या नियमात रूपांतरित व्हायला हवा.

महाराष्ट्राने याकडे दूरच्या डोंगरावरील गोष्ट म्हणून पाहू नये. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव सातारच्या छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. तरीही दिवाळीच्या व मेच्या सुट्टीत वेण्णेच्या काठी वाहनांची जी रीघ लागते, ती पाहणाऱ्याला नैनितालची कहाणी परकी वाटणार नाही.

शासन, न्यायालय, नगरपालिका यांनी आपापले काम करावेच. परंतु मे महिन्याचे तिकीट काढणारे कुटुंबही काही ठरवू शकते. चार ठिकाणे ‘करण्या’ऐवजी एका ठिकाणी चार दिवस राहता येते. स्वतःची गाडी हल्द्वानी वा काठगोदामला ठेवून सार्वजनिक वाहनाने वर जाता येते. गर्दीचा आठवडा टाळता येतो. हॉटेलात रोज चादर-टॉवेल बदलण्याचा आग्रह सोडता येतो; कारण ते धुण्याचे पाणीही त्याच सरोवराच्या हिश्श्यातून जाते. उतारावरच्या ‘लेक व्ह्यू’ सदनिकेची जाहिरात आली तर त्या जमिनीखाली कोणता नाला आहे, हे विचारता येते. आणि मुलांना नावेत बसविण्याआधी एकदा सूखातालपर्यंत चालत नेऊन, सरोवर कोठून पाणी पिते, हे दाखविता येते. ज्याने ते पाहिले त्याच्या तोंडी ‘आम्ही नैनिताल केले’ हे वाक्य सहजासहजी येणार नाही.