बियाण्याची दुसरी कणगी

माणसाने पृथ्वीबाहेर वस्ती करावी असे कोणी म्हटले की आपल्याकडची शहाणी माणसे हसतात. हसण्याची कारणेही ठरलेली आहेत. देशात भाकरीची भ्रांत असताना चंद्र-मंगळाच्या गोष्टी कशाला, हे पहिले. एक पृथ्वी नासवली, आता दुसरी नासवायला निघालात, हे दुसरे. आणि हा सारा धनिकांचा पळून जाण्याचा बेत आहे, हे तिसरे. या तिन्ही आक्षेपांत थोडेथोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहेत. धडधडीत खोटे सहज ओळखता येते. अर्धे खरे मात्र मानेने होकार मिळवून जाते.

प्रथम प्रश्न नीट मांडू. तो तुमच्या-माझ्या जगण्याचा नाही. माणसे मरतात, घराणी बुडतात, साम्राज्ये लयाला जातात. पण गेलेल्यांची आठवण ठेवायला मागे कोणीतरी राहते. देवगिरीचे राज्य गेले, तरी त्या काळातली ज्ञानेश्वरी घरोघर वाचली जाते. मनुष्यजातच गेली तर वाचणारा राहत नाही. हे नुकसान इतर नुकसानांच्या पंक्तीला बसवता येत नाही, कारण त्यानंतर भरपाई करणाराच शिल्लक नसतो.

असे संकट केवळ कल्पनेतले आहे, असे निदान महाराष्ट्रात राहणाऱ्याने तरी म्हणू नये. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर विष्णूने लवणासुराला मारले तेथे झाले, असे पुराणकथा सांगते. पुढे बरीच वर्षे शास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचे मुख समजत. १९७०नंतरच्या दशकात तेथल्या खडकांची तपासणी झाली आणि ते आकाशातून कोसळलेल्या पाषाणाने पाडलेले विवर आहे हे सिद्ध झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली असेच एक विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १८० किलोमीटर. ते पाडणारा पाषाण साधारण १० किलोमीटर रुंदीचा होता, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याच सुमारास महाकाय डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले.

ज्या सह्याद्रीचा आपण अभिमान मिरवतो, तो काळा पाषाणही त्याच सुमारास भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचा थर आहे. डायनोसॉरांच्या विनाशात आघाताचा वाटा किती आणि लाव्ह्याचा किती, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मेलेल्यांना त्या वादाचा काही उपयोग नाही. आपल्याला मात्र आहे. संकट वरूनही येते आणि पायाखालूनही येते, हे आपलीच भूमी सांगते आहे.

यावर कोणी म्हणेल, वरच्या संकटाचा बंदोबस्त झाला की! २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये एक नवा लघुग्रह सापडला. तो २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांवर गेली आणि पुढच्या काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. गणित आपल्या बाजूने सुटले. आपण काही केले म्हणून नव्हे. शिवाय दुर्बीण फक्त आकाशाकडे पाहते. पायाखालचा लाव्हा, प्रयोगशाळेतून सुटलेला रोग आणि आपणच रचून ठेवलेले अणुबाँब तिला दिसत नाहीत. या संकटांना उत्तर एकच : सगळी माणसे एकाच ठिकाणी असू नयेत.

हे शहाणपण आम्ही विलायतेहून आणलेले नाही. जाणता शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत भरत नाही. आग लागते, उंदीर लागतात, पाणी शिरते. दुष्काळात तो स्वतः अर्धपोटी राहतो, पण बियाण्याला हात लावत नाही. ‘आधी भाकरी’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब त्याच्याकडून शिकावा. भाकरी हवीच, पण बियाणे खाऊन केलेली भाकरी शेवटची असते.

आणि भाकरी व अग्निबाण यांचे वैर तरी कुठे आहे? २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हाही हाच आक्षेप होता. १९९९च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली फायलिन आले तेव्हा उपग्रहांनी वादळाची वाट आधी दाखवली, सरकारने लाखो माणसे वेळेवर हलवली, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वाचलेली ती माणसे गरिबांचीच होती.

उरला पळपुटेपणाचा आरोप. मंगळावर पळून जाता येईल असे समजणाऱ्या धनिकाने अ‍ॅरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ची हकिकत वाचावी. १९९१ मध्ये आठ माणसे दोन वर्षांसाठी त्या बंद काचघरात राहायला गेली. वर्ष-सव्वा वर्षात हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५च्या खाली उतरला आणि तो बाहेरून पुरवावा लागला. पृथ्वीच्या पाठीवर बसूनही आपल्याला छोटी पृथ्वी करता आली नाही. काहींना हा प्रयत्न सोडण्याचा पुरावा वाटतो. मला तो लवकर सुरुवात करण्याचा पुरावा वाटतो. जी विद्या शिकायला शतके लागणार, तिचा श्रीगणेशा घराला आग लागल्यावर करायचा काय? आणि जो श्वास-श्वास मोजून, सांडपाणी गाळून पिऊन जगायला शिकेल, तो नदीत विष सोडताना दहादा विचार करील. पृथ्वीची किंमत कळण्याची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

धनिकांची भीती खरी आहे. म्हणूनच हे काम त्यांच्या हाती सोडून चालणार नाही. १९६७च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्र कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचा होऊ शकत नाही. पण जे तेथे जातच नाहीत, त्यांचा शब्द तेथे कोण मानणार? आपण घरी बसून नाके मुरडली तर आकाश ओस पडणार नाही; ते फक्त दुसऱ्यांचे होईल.

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठवण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२३ साली जाहीर केले. त्या दिवशी झेंडा रोवला जाईल, भाषणे होतील, पेढे वाटले जातील. होऊ द्यावे. पण माझी मागणी झेंड्याची नाही. चंद्रावरच्या बंद खोलीत, आपल्याच श्वासावर आणि गाळलेल्या पाण्यावर ज्वारीचे एक कणीस पिकवून दाखवा, आणि त्याचे दाणे पुन्हा तेथेच पेरा. दुसरे पीक उगवले की दुसरी कणगी भरू लागली असे समजायला हरकत नाही.