विश्लेषण : जुन्या अवाढव्य 'फोर बाय फोर' गाड्यांची खडकाळ वाट अधिकच बिकट का?

अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकातील अवाढव्य 'फोर बाय फोर' गाड्या खडकाळ डोंगरवाटांवर नेणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट देणारे विधेयक कॅलिफोर्नियात अडकले. युटामध्ये शेकडो किलोमीटरच्या वाटा आधीच बंद झाल्या आहेत. गाडी खडकात अडकेल की कायद्यात, असा प्रश्न या मालकांपुढे आहे. यामागचे तंत्र आणि वाद काय, याचा आढावा…

'फुल-साइज' म्हणजे नेमकी कोणती गाडी?

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या, दोन दरवाजांच्या मोठ्या गाड्यांना हे नाव रूढ झाले. शेव्हरोलेची के-५ ब्लेझर (१९६९ ते १९९१), डॉजची रॅमचार्जर आणि फोर्डची १९७८ ते १९९६ या काळातील ब्रॉन्को ही त्यांतली ठळक नावे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची रुंदी सुमारे १५७ सेंटिमीटर, तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २०३ सेंटिमीटर होते. ब्लेझरची नुसती रुंदीच २०० सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जीप जितक्या जागेत आपली चारही चाके टेकवते, तितकी जागा ब्लेझरला आडवीच लागते. वजनही जीपच्या जवळपास दुप्पट.

खडकाळ वाटेवर आकार का नडतो?

अशा बहुतेक वाटा जीपच्या मापाने रुळल्या आहेत. दोन शिळांमधील फटीतून जीप निघून जाते, तिथे मोठ्या गाडीचे पत्रे घासतात. दुसरा मुद्दा चाकांमधील अंतराचा. मोठ्या दगडावरून पुढची चाके उतरली आणि मागची अजून चढायची असली, की गाडीचे पोट दगडावर टेकते. ब्लेझरच्या चाकांमधील अंतर सुमारे २७० सेंटिमीटर असल्याने हा धोका अधिक. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारा भाग लांब असल्यामुळे उतार संपताना बंपर आणि इंधनाची टाकी आपटू शकते.

लांब गाडीचा एक फायदाही आहे. तीव्र चढावर ती आखूड जीपपेक्षा स्थिर राहते, मागे उलटण्याची भीती कमी असते. शिवाय आत माणसे, तंबू, पाणी आणि सुटे भाग आरामात मावतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात ही मोठीच सोय.

जुन्या यंत्रणेच्या मर्यादा कोणत्या?

इंजिनाची ताकद ही या गाड्यांची अडचण कधीच नव्हती. अडचण आहे ती कार्ब्युरेटरची. गाडी तीव्र चढावर किंवा एका बाजूला कलली की कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलही कलते. मग इंजिनाला कधी जास्त पेट्रोल जाते, कधी जातच नाही आणि नेमक्या नको त्या जागी ते बंद पडते. इंधन थेट फवारणाऱ्या इंजेक्शन प्रणालीत हा त्रास नसतो.

दुसरी अडचण डिफरन्शियलची. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत उचलले गेले की ताकद त्याच चाकाकडे जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. त्यामुळे 'फोर-व्हील ड्राइव्ह' असूनही गाडी जागची हलत नाही. दोन्ही चाके एकत्र फिरवणारे 'लॉकर' बसवणे हा त्यावरचा उपाय. तिसरी बाब सांगाड्याची. ब्लेझरसारख्या गाड्यांत स्टिअरिंग बॉक्स जिथे जोडलेला असतो, तिथे सांगाड्याला तडे जाण्याची तक्रार जुनीच आहे. मोठे टायर लावून खडकात चाक वळवले की ताण तिथेच येतो. म्हणून वाटेवर जाण्यापूर्वी तो भाग पाहणे, ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचे सांधे तपासणे आवश्यक ठरते.

मग अनुभवी चालक काय करतात?

पहिले काम म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. रस्त्यावर ३५ पीएसआय असलेला दाब अनेक जण १५ च्या आसपास आणतात. टायर पसरतो, दगडाला धरतो आणि धक्केही कमी बसतात. मात्र दाब फारच कमी केला तर टायर रिमवरून सुटू शकतो. पुन्हा डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरावीच लागते. दुसरे, 'लो रेंज' गिअर. यात चाके अगदी संथ पण जोरात फिरतात, त्यामुळे उतारावर ब्रेकवर भिस्त ठेवावी लागत नाही. तिसरे, दगड दोन चाकांच्या मधे न घेता चाक दगडावरच चढवणे. मधे घेतलेला दगड डिफरन्शियलवर आदळण्याची शक्यता असते. चौथे, गाडीपुढे चालत इशारे देणारा माणूस. अवजड बॉनेटमुळे चालकाला पुढच्या चाकांजवळचे काहीच दिसत नाही, त्यामुळे मोठ्या गाडीत हा माणूस हवाच. आणि एकट्या गाडीने जायचे नाही, हा अलिखित नियम.

रुबिकॉन वाटेवरचा वाद काय होता?

कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउन ते टाहो सरोवर ही सुमारे ३५ किलोमीटरची रुबिकॉन वाट या छंदाची पंढरी मानली जाते. एल डोराडो काउंटीने १८८७ मध्येच ती सार्वजनिक मार्ग म्हणून घोषित केली होती. १९५३ मध्ये ५५ जीप आणि १५५ माणसांनी पहिली 'जीपर्स जॅम्बोरी' केली आणि वाट जगभर पोहोचली. अंतर कमी असले तरी ती पार करायला साधारण दोन दिवस लागतात.

गर्दी वाढली तशी समस्याही वाढली. चाकांनी उकरलेली माती ओढ्यांत जाऊ लागली. फुटलेल्या डिफरन्शियलमधून तेल सांडू लागले. मानवी विष्ठेचा प्रश्न तर गंभीरच झाला. २००९ मध्ये तेथील प्रादेशिक जलगुणवत्ता नियंत्रण मंडळाने काउंटी आणि वन विभागाला साफसफाईचा आदेश दिला. त्यानंतर वाट कायमची बंद होईल, अशी भीती व्यक्त होत होती. प्रत्यक्षात काउंटी, वन विभाग आणि वाहनप्रेमींच्या संघटना यांनी मिळून वाटेची डागडुजी केली, स्वच्छतागृहांची सोय केली. तेल शोषणारे साहित्य आणि विष्ठेसाठीच्या पिशव्या सोबत ठेवण्याचा आग्रह धरला गेला. वाट आजही खुली आहे. जुन्या गाडीच्या मालकाला यातून मिळणारा धडा सरळ आहे. ज्या गाडीच्या सीलमधून घरासमोर तेल ठिबकते, ती ओढ्याच्या वाटेवर नेणे हा आता केवळ त्याचा खासगी प्रश्न राहिलेला नाही.

युटामध्ये वाटा बंद का झाल्या?

युटातील मोआब परिसर लाल खडकांच्या वाटांसाठी प्रसिद्ध आहे. पर्यावरणवादी संघटनांनी दाखल केलेल्या खटल्यात २०१७ मध्ये तडजोड झाली आणि वाहन-वाटांचे नवे आराखडे करण्याचे ठरले. त्यानुसार सप्टेंबर २०२३ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्य यंत्रणेने लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस भागातील ३१७ मैल, म्हणजे सुमारे ५१० किलोमीटरच्या वाटा मोटारींसाठी बंद केल्या. वन्यजीव, पुरातन अवशेष आणि नदीतून शांतपणे होडीने जाणाऱ्यांचा अनुभव जपणे, ही त्यामागची भूमिका. वाहनप्रेमींचे म्हणणे असे, की ८०० मैलांहून अधिक वाटा उरल्या असल्या तरी अनेक जुन्या, लाडक्या वाटा गेल्या. वाटा घटल्या की उरलेल्यांवर गर्दी वाढते आणि नुकसानही तिथेच एकवटते, हा त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

'लेनो कायदा' कुठे अडला?

कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना साधारणपणे दर दोन वर्षांनी धूर तपासणी करावी लागते. म्हणजे १९७५ ची ब्लेझर मुक्त, तर १९७६ ची तपासणीच्या रांगेत. पूर्वी ३० वर्षे जुन्या गाड्यांना आपोआप सूट मिळत असे. २००४ च्या कायद्याने ती १९७५ या वर्षावर गोठवली. तपासणीत मूळ प्रदूषण-नियंत्रक भाग जागेवर आहेत का, हेही पाहतात. त्यामुळे कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन प्रणाली बसवायची तर ती राज्याच्या मान्यतेचीच असावी लागते.

किमान ३५ वर्षे जुन्या संग्राह्य गाड्यांना यातून सूट देणारे 'एसबी ७१२' हे विधेयक विनोदवीर आणि मोटारसंग्राहक जे लेनो यांच्या पाठिंब्यामुळे 'लेनो कायदा' म्हणून ओळखले गेले. राज्याच्या सिनेटने ते संमत केले. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये असेंब्लीच्या वित्तीय समितीत ते रोखले गेले. जुन्या गाड्या संख्येने कमी असल्या तरी प्रत्येकीचा धूर नव्या गाडीच्या कितीतरी पट असतो, हा विरोधकांचा आक्षेप होता.

भारतात काय स्थिती?

महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडेही जुन्या 'फोर बाय फोर' गाड्यांचे वेड आहे. मात्र येथे अडसर अधिक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही बाब स्पष्ट केली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. २० वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झाले. अमेरिकेप्रमाणे नकाशावर आखलेल्या, देखभाल होणाऱ्या अधिकृत वाटा आपल्याकडे जवळपास नाहीत. त्यामुळे हौशी चालक नदीपात्रात किंवा वनजमिनीवर गाड्या घालतात. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमधील चंद्रा नदीत थार उतरवणाऱ्यावर झालेली कारवाई हे त्याचेच उदाहरण.

पुढे काय?

रुबिकॉन आणि मोआब या दोन उदाहरणांतील फरक बोलका आहे. एका ठिकाणी वापरकर्त्यांनी नुकसानीची जबाबदारी घेतली आणि वाट वाचली. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न न्यायालयात गेला आणि वाटा नकाशावरून पुसल्या गेल्या. जुनी गाडी असणाऱ्यांसाठी दुरुस्ती हा छंदाचा भाग असतोच. गळणारे सील बदलणे, सांडलेले तेल पुसून सोबत नेणे आणि आखलेल्या वाटेबाहेर चाक न टाकणे हाही आता त्याच दुरुस्तीचा भाग झाला आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पठारांवर गाड्या नेणाऱ्यांनी हे वेळीच ओळखले, तर बंदीचा फलक लागण्याची वेळ टळू शकेल.