विश्लेषण : हृदयाचा विद्युत-नकाशा काढणारे जॅकेट काय आहे? स्मार्टवॉचच्या ईसीजीपेक्षा ते वेगळे कसे?

मनगटावरच्या घड्याळात ३० सेकंदांत ईसीजी निघतो, यात आता नवल राहिलेले नाही. घड्याळाने ‘ठोके नियमित’ असे सांगितले की अनेक जण निश्चिंत होतात. पण घड्याळाला हृदयाचे नेमके किती दिसते? आणि लंडनच्या संशोधकांचे २५६ सेन्सरचे जॅकेट त्याहून जास्त काय दाखवते?

हृदयात वीज कुठून येते?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याआधी तो विद्युत संदेश सोडतो. संदेश ठरलेल्या वाटेने पसरतो आणि हृदय आकुंचन पावते. त्याचे क्षीण पडसाद त्वचेपर्यंत येतात. ते टिपणे म्हणजे ईसीजी. विलेम आइन्टहोव्हेन यांच्या सुरुवातीच्या ईसीजी यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

घड्याळ काय ओळखते?

दवाखान्यात हातापायांवर आणि छातीवर १० इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे १२ कोनांतून पाहिले जाते. घड्याळाकडे एकच कोन असतो. तो ठोक्यांची लय पाहायला पुरतो. त्यामुळे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा अनियमित ठोक्यांचा विकार पकडण्यात घड्याळाची मदत होते. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त ४ लाख १९ हजारांहून अधिक जण सहभागी होते. घड्याळाच्या नाडी-सेन्सरने त्यातील २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे ०.५ टक्के लोकांना, इशारा दिला. नंतर ज्या ४५० जणांची छातीवरील ईसीजी पट्टीने तपासणी पूर्ण झाली, त्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये हा विकार दिसला. उरलेल्यांना दिलेला इशारा खोटाच होता असे नाही, कारण हा त्रास अधूनमधून येतो आणि जातो.

मग धोका कुठे आहे?

हृदयविकाराचा झटका रक्तवाहिनी बंद झाल्याने येतो. त्या वेळी ठोके नियमितही असू शकतात. म्हणून घड्याळ झटका ओळखू शकत नाही. अ‍ॅपल स्वतःच तशी सूचना देते. छातीत दुखत असताना घड्याळावर विसंबून वेळ घालवणे जिवावर बेतू शकते.

जॅकेट वेगळे काय करते?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या चमूने धुऊन पुन्हा वापरता येणारे जॅकेट बनवले. २०२३ मध्ये त्यांनी ७७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. जॅकेटमधील २५६ सेन्सर छाती-पाठीवरील संकेत टिपतात. एमआरआयमधून त्या रुग्णाच्या हृदयाचा आकार कळतो. दोन्ही जुळवून संगणक गणिताने काढतो की हृदयाच्या कोणत्या भागात वीज केव्हा पोहोचली. त्यातून त्रिमितीय नकाशा तयार होतो. असा नकाशा एरवी जांघेतील रक्तवाहिनीतून हृदयात नळी घालून काढतात. अशी जॅकेट्स आधीही होती, पण त्यांतली काही एकदाच वापरून टाकावी लागत आणि त्यांना सीटी स्कॅनची, म्हणजे किरणोत्सर्गाची, जोड लागे.

फायदा कोणाला?

अचानक हृदय बंद पडण्याचा धोका असलेल्यांच्या छातीत ‘आयसीडी’ हे शॉक देणारे उपकरण बसवतात. ते कोणाला बसवायचे, हे बऱ्याचदा हृदयाच्या पंपिंग क्षमतेवरून ठरते. ही क्षमता ३५ टक्के किंवा कमी असेल तर धोका जास्त मानतात. पण असे मृत्यू त्याहून चांगली क्षमता असलेल्यांमध्येही होतात. हृदयात वीज कुठे अडखळते हे दिसले, तर असे रुग्ण आधी ओळखता येतील, अशी संशोधकांची आशा आहे.

मर्यादा काय?

हा नकाशा थेट मोजलेला नसतो. तो गणिताने काढलेला अंदाज असतो. हृदयाच्या आतल्या पडद्यातील घडामोडी त्यात नीट उमटत नाहीत. एमआरआय खर्चीक आहे. नकाशामुळे जीव वाचतात का, हे मोठ्या आणि दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांतूनच ठरेल.

तोवर घड्याळाने अनियमित ठोक्यांचा इशारा दिला, तर तो आलेख डॉक्टरांना दाखवावा. आणि छातीत दुखणे, घाम, धाप लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे असतील, तर घड्याळ काहीही सांगो, थेट १०८ वर फोन करावा.