चर्मकाराचा फर्मा आणि शिरोलीचे कारखानदार

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने कोल्हापुरास येताना पंचगंगेचा पूल ओलांडण्यापूर्वी शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, ओतीव माल कातणारे लेथ आणि पॅटर्न घडविणारे कुशल हात ह्यांच्यामुळे ह्या वसाहतीचा लौकिक महाराष्ट्राबाहेरही पोहोचलेला आहे. पूल ओलांडून शहरात शिरावे आणि सुभाषनगर किंवा जवाहरनगर गाठावे, तो तेथे रापी, आरी व चामड्याची वादी घेऊन बसलेला चर्मकार कारागीर दृष्टीस पडतो. आणि त्याचा लौकिक तर समुद्रापलीकडे गेलेला आहे. ह्या दोन ठिकाणांमधील अंतर फार थोडे आहे. तथापि एका ठिकाणच्या विद्येने दुसऱ्या ठिकाणच्या धंद्यास हात दिल्याची उदाहरणे शोधू गेल्यास ती फारशी सापडत नाहीत. हे असे का व्हावे आणि ते बदलण्यास प्रारंभ कोठून करावा, ह्याचा विचार आज आम्ही एका लहानशा साधनाच्या निमित्ताने करणार आहोत. ते साधन म्हणजे बुटाचा बिजागरीचा फर्मा.

आमच्या बहुतेक वाचकांनी बूट विकत घेतला असेल, परंतु तो ज्यावर घडतो तो फर्मा पाहिला नसेल. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा. बुटाचे वरचे चामडे पकडीने ओढून ह्या ठोकळ्यावर ताणून बसवितात, खाली तळ जोडतात आणि चामडे त्या आकारात मुरले म्हणजे ठोकळा काढून घेतात. पूर्वी तो लाकडाचा असे. आता कारखान्यांतून बहुधा प्लॅस्टिकचा असतो, कारण लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आटते. फर्मा ही पावलाची हुबेहूब नक्कल असते असे मात्र कोणी समजू नये. चालताना पाऊल पुढे सरकते म्हणून बोटांपुढे थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. बुटाने टाच धरून ठेवावी म्हणून टाचेवरचा भाग पायाहून बारीक करावा लागतो. आणि पाऊल टाकणे सुलभ व्हावे म्हणून पुढचे टोक जमिनीपासून किंचित उचलावे लागते. युरोपातसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डाव्या-उजव्याचा भेद नसलेले बूट सर्रास शिवले जात असत. बूट चावतो की सुखकर होतो, हे शिवणाराच्या हातावर जितके अवलंबून असते, तितकेच ते फर्मा आखणाराच्या बुद्धीवर अवलंबून असते.

आता अडचण अशी की, जो फर्मा बुटात घट्ट बसेल तोच चांगला आकार देईल. आणि जो घट्ट बसला तो सहजासहजी बाहेर येणार नाही. बुटाचे तोंड अरुंद, टाच वरच्या बाजूस आत वळलेली आणि फर्मा मात्र पोटात रुंद! अखंड फर्मा जोराने ओढला तर मागची शिवण उसवते, टाचेचा कडक केलेला भाग मोडतो, तोंडाची कड ताणली जाते, आणि दिवसभराची मेहनत शेवटच्या क्षणी बिघडते. जुन्या कारागिरांनी ह्यावर अशी युक्ती काढली की, पायाच्या चढाजवळचा फर्म्याचा तुकडा निराळा करावयाचा आणि तो आधी काढावयाचा. त्यापुढची पायरी बिजागरीची. फर्मा चढाजवळ आडवा कापून पुढचा व टाचेचा असे दोन भाग करतात आणि ते आतून खिळीने व स्प्रिंगने जोडतात. टाचेचा भाग वर उचलला की फर्म्याची लांबी कमी होते, टाच बुटापासून सुटते आणि वरच्या भोकात आकडा घालून फर्मा बिनधोक ओढून घेता येतो.

हे वाचून कोणी म्हणेल, ही तर दाराच्या बिजागरीसारखीच गोष्ट झाली. तसे नाही. खिळीची जागा किंचित चुकली तर टाच वर उचलूनही लांबी पुरेशी कमी होत नाही, किंवा फिरताना फर्म्याचा वरचा भाग बुटाच्या चढास दाबतो. मिटलेल्या स्थितीत दोन्ही भागांची तोंडे एकमेकांस पूर्ण टेकली पाहिजेत, म्हणजे हातोडीचा मार व पकडीचा ताण खिळीवर न येता त्या तोंडांवर येईल. तेथे थोडी जरी ढिलाई राहिली तरी टाचेची उंची बदलते आणि डाव्या-उजव्याचा जोड जुळत नाही. कोणी हा काप इंग्रजी व्ही अक्षरासारखा घेतात, तर कोणी टाचेचा भाग तिरप्या कापावरून सरकता ठेवतात. शिवाय हे सर्व एकाच मापापुरते करून भागत नाही. इंग्रजी मापात एका अंकाने लांबी इंचाचा एकतृतीयांश वाढते. तिच्याबरोबर घेरही वाढवावा लागतो आणि प्रत्येक मापात काप व खीळ ह्यांची जागा नव्याने तपासावी लागते. सारांश, हे काम उच्च प्रतीच्या यंत्रविद्येचे आहे.

आणि येथेच आम्हांस शिरोलीची आठवण होते. फौंड्रीतील पॅटर्न करणाऱ्या कारागिरापुढे जन्मभर कोणता प्रश्न असतो? वाळूच्या साच्यात रुतलेला पॅटर्न साचा न मोडता बाहेर कसा काढावा, हाच! त्यासाठी तो पॅटर्नच्या उभ्या बाजूंस थोडा उतार देतो, पॅटर्न दोन भागांत करतो, अडणारा तुकडा सुटा ठेवून मागाहून काढतो. निवताना धातू आकसतो म्हणून किती वाढीव माप धरावे, हेही त्यास ठाऊक असते; आणि प्लॅस्टिकही निवताना आकसतेच. वेड्यावाकड्या आकाराची नक्कल लेथवर उतरविण्याची कला तर दोनशे वर्षांची जुनी आहे. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड ह्याने १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातण्यासाठी जो लेथ काढला, त्याच तऱ्हेच्या लेथवर पुढे बुटांचे फर्मे कातले जाऊ लागले. आज हेच काम गणकयंत्राच्या आज्ञेने चालणारी यंत्रे करतात, आणि तशी यंत्रे व ती चालविणारे तरुण शिरोलीत आहेत. तेव्हा ज्ञान नाही, यंत्र नाही किंवा कारागीर नाही, अशी सबब येथे चालावयाची नाही.

मग उणीव कशाची? आमच्या मते उणीव मनाची आहे. लोखंडाच्या धंद्यास आपल्याकडे प्रतिष्ठा मिळाली. चामड्याच्या धंद्यास ती अद्याप मिळालेली नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तरुण मोटारीच्या भागाचा आराखडा अभिमानाने करील, परंतु जोड्याच्या फर्म्याचा आराखडा कर म्हटले तर हा आपला धंदा नव्हे असे त्यास आतून वाटते. हे वाटणे कोठून येते, हे सांगावयास नको. जाती श्रमाचीच नव्हे तर श्रम करणाऱ्या माणसांचीही विभागणी करतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि गंगाराम कांबळे ह्यांच्या दुकानी स्वतः जाऊन चहा घेतला, त्या कोल्हापुरात तरी ही भिंत उभी राहू नये. त्या काळी प्रश्न चहाच्या पेल्याचा होता; आज तो कामाच्या बाकाचा आहे. पॅटर्न करणारा आणि जोडा शिवणारा एका बाकाशी बसून एकाच ठोकळ्यावर वाद घालू लागतील, तेव्हाच महाराजांचे काम पुढे गेले असे आम्ही समजू.

येथे एक शंका निघेल की, कोल्हापुरी चपलेस बिजागरीचा फर्मा लागतच नाही, मग हा खटाटोप कशास? शंका रास्त आहे. चप्पल उघडी असते. तिचा तळ मापाने कापून, वरचे पट्टे वादीने शिवून ती तयार होते आणि तीत फर्मा अडकण्याचा प्रश्नच नाही. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. ती हातानेच व्हावी आणि तिची प्रत राखली जावी, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चर्मकाराच्या मुलाने चप्पलच शिवावी, बूट शिवू नये, असा नियम कोणी केला? बंद बुटाचा बाजार चपलेच्या बाजाराहून मोठा आहे. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलास बूट लागतो. फार काय, शिरोलीच्या भट्टीपुढे तापलेल्या रसाची डोई धरणाऱ्या कामगारास बोटांवर पोलादी टोपी असलेला बूट लागतो. त्यासाठी भारतीय मानक १५२९८ ठरलेले आहे. तो बूट ज्या फर्म्यावर होतो, त्यात टोपीपुरती जागा आधीच धरावी लागते. शिरोलीच्या कामगाराच्या पायातील बूट सुभाषनगरात शिवला जावा आणि त्याचा फर्मा शिरोलीत घडावा, ह्याहून सरळ व्यापार तो कोणता?

आकार दुसऱ्याच्या हाती राहिला म्हणजे काय होते, ह्याचा धडा अलीकडेच मिळालेला आहे. जून २०२५ मध्ये मिलान शहरातील वस्त्रप्रदर्शनात प्राडा ह्या इटालियन पेढीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, त्या वेळी कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर पेढीने हे ऋण मान्य केले, आपली माणसे कोल्हापुरास पाठविली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे जाहीर केले. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो! ह्यात कारागिराचा गौरव झाला हे खरे. परंतु घाट कोणता, माप कोणते आणि किंमत कोणती, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, नफ्याचा मोठा वाटा त्याच्याकडेच जातो, हेही तितकेच खरे. बुटाच्या धंद्यात हा अधिकार फर्म्यापासून सुरू होतो.

व्यापारी वाचक आता खर्चाचा हिशेब विचारतील. तोही पाहू. बुटाचा एक घाट पुरुषांच्या ५ पासून ११ पर्यंतच्या सात मापांत काढावयाचा झाला आणि चामडे मुरेपर्यंत बूट फर्म्यावर राहतो म्हणून प्रत्येक मापाचे सहा जोड लागले, तर एकाच घाटासाठी फर्म्यांचे ४२ जोड झाले. घाट बदलला की पुन्हा तितकेच. हा बोजा एकट्या घरगुती कारागिरास झेपणारा नाही. म्हणून आमची सूचना अशी की, चर्मकार बंधूंच्या सहकारी संस्थेने एक सामाईक फर्माघर काढावे. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसा कारागिराने तेथून फर्मा न्यावा, थोडे भाडे द्यावे आणि काम झाले की परत करावा. झिजलेले प्लॅस्टिकचे फर्मे दळून पुन्हा ओतता येतात, म्हणजे ते भांडवलही सर्वस्वी बुडत नाही. ऊस व दूध ह्यांत सहकाराचा चमत्कार करून दाखविणाऱ्या जिल्ह्यास हे अवघड वाटू नये.

मापांच्या बाबतीतही हीच वेळ योग्य आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली आणि भारतीय पाऊल सामान्यतः युरोपीय पावलाहून रुंद असते असे तीत आढळून आले. परक्या पायासाठी आखलेल्या बुटात आपला पाय कोंबून आपण आजवर चाललो. नवा फर्मा आखावयाचाच, तर तो आपल्या पायाचा आखावा.

यंत्र आले म्हणजे हात रिकामे होतात, ही भीती मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेतील लिन गावी फर्म्यावर चामडे चढविणारा निष्णात कारागीर दिवसास सुमारे ५० जोड करी. सुरिनाममध्ये जन्मलेल्या यान मॅट्झेलिगर नावाच्या कृष्णवर्णी कामगाराने हे काम करणाऱ्या यंत्राचे पेटंट १८८३ साली मिळविले, आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढून बूट स्वस्त झाले. परंतु भांडवलासाठी त्याला आपल्या शोधाचा दोनतृतीयांश हिस्सा आधीच दुसऱ्यांस लिहून द्यावा लागला होता. १८८९ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला आणि पुढचे वैभव इतरांनी भोगले. ह्यावरून आम्ही यंत्र नको असे म्हणत नाही. मालकी कोणाची हे आधी ठरवा, असे म्हणतो. फर्माघर कारागिरांच्या मालकीचे नसेल, तर आजचा स्वतंत्र चर्मकार उद्या रोजंदारीचा मजूर होईल आणि सुधारणेच्या नावाने त्याची अधोगती होईल.

म्हणून आमचे मागणे थोडके व स्पष्ट आहे. शिरोलीच्या कारखानदारांनी आपल्या पॅटर्नखात्यातील एक हुशार माणूस व एक यंत्र आठवड्यातून एक दिवस ह्या कामास द्यावे. अभियांत्रिकी विद्यालयांनी बिजागरीचा फर्मा हा विषय विद्यार्थ्यांस अभ्यासासाठी द्यावा आणि त्याची परीक्षा चर्मकार कारागिराने घ्यावी. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने फर्माघरास पहिले भांडवल पुरवावे. आणि शहरातील व्यापाऱ्यांनी पहिले शंभर जोड विकत घेण्याचे आश्वासन लेखी द्यावे. कौतुकाच्या सभा त्यानंतर भरविल्या तरी चालतील. पंचगंगेवरचा पूल बांधून फार वर्षे झाली. त्यावरून एक चर्मकार आपला मोडका फर्मा काखेत घेऊन शिरोलीस जावा आणि तेथे त्यास बसावयास खुर्ची व बोलावयास बरोबरीचा माणूस मिळावा, एवढ्याने प्रारंभ होईल.